मतपरीक्षेचा वाद आणि नीळकंठशास्त्री गोऱ्हे

ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात पेत्राचे पहिले पत्र आहे. ज्यांना उद्देशून ते लिहिले आहे, ते लोक परक्या आणि अविश्वासू समाजात विखरून राहिलेले होते. तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा, मात्र ते सौम्यपणे आणि आदराने द्या, असा उपदेश त्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात केलेला आहे. ‘उत्तर’ या अर्थी तेथे जो ग्रीक शब्द योजिला आहे, तो मूळचा न्यायसभेतला. आरोप झालेल्या माणसाने आपल्या बाजूने केलेले निवेदन, असा त्याचा अर्थ. पुढे याच शब्दावरून ख्रिस्ती धर्मविचाराची एक स्वतंत्र शाखा ओळखली जाऊ लागली. श्रद्धेचे समर्थन, हा तिचा विषय होय.

या शब्दाच्या इतिहासात एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उत्तर देण्यासाठी आधी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो, आणि प्रश्न विचारणारा बहुधा आपल्या मताचा नसतो. आपल्याच मंडळीतल्या श्रोत्याची शंका फेडणे निराळे आणि ज्याला आपला ग्रंथ, आपला गुरू, आपला मोक्षमार्ग यांपैकी काहीच मान्य नाही, त्याच्यापुढे उभे राहणे निराळे. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त श्रोते शंका विचारतात आणि पाद्री त्यांचे समाधान करतो. गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापलेल्या या मराठी काव्यातील ते श्रोते मुख्यतः नवख्रिस्ती आहेत. त्यांची शंका शिष्याची आहे. प्रतिपक्ष्याची शंका अशी नसते. ती उत्तर देणाऱ्याचीच परीक्षा पाहते.

एकोणिसाव्या शतकात अशा प्रतिपक्ष्याशी गाठ पडण्याचे प्रसंग आपल्या देशात पुष्कळ आले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर यांचा वाद १८३१ साली झाला. त्यातून मोरभट्टांचे ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक निघाले आणि पुढच्याच वर्षी विल्सनसाहेबांनी त्याला उत्तर लिहिले. १८५७ च्या आरंभी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी केलेले जाहीर वाद तर मराठी वाचकांना परिचित आहेत. त्या वादांना श्रोत्यांची गर्दी लोटत असे. गर्दीसमोर केलेल्या वादात मात्र जय आणि पराजय यांनाच महत्त्व येते. आज ज्या वादाची हकीकत सांगावयाची आहे, तो फारसा गाजलेला नाही. तो संस्कृतात झाला, बव्हंशी लेखणीने झाला आणि त्याचे केंद्र काशी हे होते. त्यातील सर्वांत महत्त्वाचा पुरुष मात्र मराठी होता. तो वादाच्या एका बाजूने उतरला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडला. आणि दोन्ही बाजूंना उभा असताना त्याच्या मनात एकच प्रश्न घर करून राहिला.

वादाचा आरंभ एका स्कॉटिश अधिकाऱ्याच्या पुस्तकाने झाला. जॉन म्यूर यांचा जन्म १८१० साली ग्लासगो येथे झाला. १८२८ साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत हिंदुस्थानात आले. नोकरी सांभाळून त्यांनी संस्कृतचा कसून अभ्यास केला आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे १८३९ साली, कलकत्त्यास ‘मतपरीक्षा’ या नावाचा एक संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ श्लोकबद्ध आहे आणि त्याची रचना गुरुशिष्य-संवादाची आहे. जगात अनेक मते प्रचलित आहेत, प्रत्येकजण आपलेच खरे म्हणतो, तेव्हा खरे मत कसे ओळखावे, असे शिष्य विचारतो. आणि गुरू त्याला सांगतो की, देवाने मनुष्याला बुद्धी दिली आहे, तिने परीक्षा करावी.

ही परीक्षा म्यूरसाहेबांनी तीन लक्षणांवर आधारली. धर्मसंस्थापकाच्या अंगी अलौकिक कृत्ये करण्याचे सामर्थ्य असले पाहिजे. धर्मग्रंथ पवित्र आणि श्रेष्ठ असला पाहिजे. आणि त्या धर्माचा मार्ग एका जातीला वा एका देशाला नव्हे, तर सर्व मनुष्यजातीला खुला असला पाहिजे. ही तिन्ही लक्षणे ख्रिस्ती धर्माला लागू पडतात आणि इतरांना पडत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. त्या काळी इंग्लंडात श्रद्धेच्या समर्थनाची जी पद्धत रूढ होती, तीच त्यांनी संस्कृत वेषात काशीच्या पंडितांपुढे आणली. तिच्यात एक सौजन्य निश्चितच होते. शिवीगाळ नाही, आरडाओरड नाही. पंडितांशी पंडितांच्याच भाषेत बोलण्याची इच्छा होती. परंतु शास्त्रार्थात मुरलेल्या वाचकाच्या नजरेतून तिच्यातील उणीव सुटणे शक्य नव्हते. येशूने अलौकिक कृत्ये केली हे कशावरून, तर शास्त्रात लिहिले आहे म्हणून; आणि ते शास्त्र प्रमाण कशावरून, तर त्याच्या संस्थापकाने अलौकिक कृत्ये केली म्हणून. नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. शिवाय अलौकिक कृत्यांची कथाच प्रमाण मानावयाची, तर पुराणांत त्यांचा तुटवडा कोठे आहे?

‘मतपरीक्षे’ला तीन पंडितांनी संस्कृतात उत्तरे दिली. त्या तिघांच्या स्वभावांतील फरक पाहण्यासारखा आहे.

पहिले उत्तर त्याच वर्षी, १८३९ साली, लिहिले गेले. त्याचे नाव ‘मतपरीक्षाशिक्षा’ आणि लेखकाचे नाव सोमनाथ. हे टोपणनाव असून खरा लेखक सुबाजी बापू होय, असे या वादाच्या अभ्यासकांचे मत आहे. सुबाजी बापू हे भोपाळजवळच्या सिहोर येथील इंग्रज पोलिटिकल एजंट लान्सेलॉट विल्किन्सन यांच्या विद्याकार्यातील साहाय्यक पंडित. पृथ्वीविषयीच्या पौराणिक कल्पना सोडून ज्योतिषाचा नवा सिद्धान्त स्वीकारावा, यासाठी त्यांनी १८३६ साली ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहिला होता. म्हणजे हा मनुष्य जुन्याला आंधळेपणाने चिकटून राहणारा नव्हता. भूगोल बदलला तरी धर्म बदलण्याचे कारण नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या उत्तरातही कडवटपणा नाही. मनुष्यांचे स्वभाव भिन्न, अधिकार भिन्न, म्हणून मार्गही भिन्न. ईश्वरानेच हे भेद ठेविले असताना एकाने दुसऱ्याचा मार्ग का मोडावा, असा त्यांचा एकंदर रोख आहे.

दुसरे उत्तर कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे. ते १८४० साली प्रसिद्ध झाले आणि त्याचा स्वर पहिल्याच्या अगदी उलट आहे. हरचंद्रांनी प्रतिपक्ष्याच्या ग्रंथावरच हल्ला चढविला. पुराणांतील कथांना हसणाऱ्याने आधी आपल्या बायबलातील कथा तपासाव्यात, असा त्यांचा पवित्रा होता. ख्रिस्ती धर्मावर यूरोपातच जी टीका झाली होती, तीही त्यांच्या कामी आली. अशा उत्तराने प्रतिपक्ष्याचे तोंड काही काळ बंद होते. विचार मात्र पुढे सरकत नाही.

तिसरे उत्तर लिहिणारे नीळकंठशास्त्री गोऱ्हे. त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी बुंदेलखंडात, झाशीजवळच्या काशीपुरा या गावी झाला. कुळ चित्पावन ब्राह्मणाचे. घराण्याचा संबंध बांद्याच्या नबाबाच्या दरबाराशी होता. पुढे कुटुंब काशीस आले आणि तेथेच नीळकंठाचे अध्ययन झाले. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी घराण्यांनी काशीत जी विद्येची परंपरा राखली, तिच्यातच हा तरुण वाढला. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ हे पाद्री त्या वेळी काशीत धर्मोपदेश करीत. त्यांचे खंडन करावे, या हेतूने नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांचे वय तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. ‘मतपरीक्षा’ हाती आली आणि तिला उत्तर म्हणून १८४४-४५ मध्ये त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा सहा अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. तो शंभरांहून अधिक वर्षे हस्तलिखितातच पडून होता. अखेरीस १९५१ साली उज्जैनच्या सिंदिया प्राच्यविद्या संस्थेकडून सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी तो संपादून प्रकाशात आणला.

या ग्रंथातील दोन मुद्दे पुढच्या सर्व हकिकतीच्या मुळाशी आहेत, म्हणून ते नीट समजून घेऊ.

पहिला मुद्दा तर्काच्या अधिकाराविषयी. म्यूरसाहेब म्हणतात, बुद्धीने परीक्षा करून मग श्रद्धा ठेवावी. नीळकंठशास्त्री म्हणतात, हा क्रमच उलटा आहे. एकाचा तर्क दुसरा मोडतो, दुसऱ्याचा तिसरा मोडतो. अतींद्रिय गोष्टींत नुसत्या तर्काला उभे राहण्यास ठिकाण नाही. आधी शास्त्रावर श्रद्धा, मग त्या शास्त्राच्या आधाराने तर्क, हाच खरा क्रम. तर्काला शास्त्राचा न्यायाधीश नेमले, तर कोणाचेच शास्त्र टिकणार नाही, ख्रिस्ती लोकांचेही टिकणार नाही.

दुसरा मुद्दा ईश्वराच्या न्यायाविषयी. ख्रिस्ती मताप्रमाणे प्रत्येक जीव ईश्वराने नवा निर्माण केला. त्याला पूर्वजन्म नाही आणि म्हणून पूर्वकर्मही नाही. असे असेल तर एक मूल जन्मतःच आंधळे आणि दुसरे सुदृढ, हे का? अर्भकांनी आणि मुक्या जनावरांनी कोणते पाप केले म्हणून त्यांनी यातना भोगाव्या? वेदान्ताच्या परिभाषेत असा ईश्वर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, या दोषांना पात्र ठरतो. कर्मसिद्धान्त मानणाऱ्याला ही अडचण अशा रूपाने येत नाही. पुढे आणखी एक प्रश्न येतो आणि तो सर्वांत कठीण आहे. मनुष्याचे आयुष्य मोजक्या वर्षांचे, त्याची पापेही मोजकी. तर त्यांच्याबद्दल कधीही न संपणारा नरक, हा कोणत्या न्यायाने?

हे आक्षेप कुचेष्टेने घेतलेले नाहीत. ज्याला ईश्वराच्या न्यायाची आणि दयेची खरोखर चाड आहे, त्याचे ते आक्षेप आहेत. बहुधा याच कारणामुळे नीळकंठशास्त्र्यांना ग्रंथ पुरा झाल्यावर स्वस्थ बसता आले नाही. बायबलाचे वाचन चालू राहिले आणि स्मिथ यांच्या भेटीही चालू राहिल्या. त्यांच्या चरित्रावरून दिसते की, त्यांच्या मनाची पहिली पकड घेतली ती पर्वतावरील प्रवचनाने. म्यूरसाहेबांच्या तीन लक्षणांत ज्याला आधाराचे स्थान नाही, अशी ती गोष्ट होती. तेथे चमत्कार नाही आणि अनुमानही नाही. शत्रूवर प्रेम करा, गुप्तपणे दान करा, मनातील पापही पापच समजा, असे सांगणारा एक आवाज तेथे आहे. तर्काने आपली कवाडे लावून बसलेल्या पंडिताच्या अंतःकरणात तो आवाज शिरला.

तरीही निर्णय एका दिवसात झाला नाही. तीन वर्षे ओढाताण चालली. घरच्यांचा विरोध किती तीव्र असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखणारा १८५० चा एकविसावा कायदा तेव्हा व्हावयाचा होता; धर्म सोडणे म्हणजे जात, घर आणि वाटणी यांवर पाणी सोडणे होते. १४ मार्च १८४८ रोजी काशीबाहेर, जौनपूर येथे, नीळकंठशास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचे नाव नहेम्या झाले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या. परंतु १८५३ साली कन्येच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्या निवर्तल्या. ती कन्या, एलेन लक्ष्मी, परक्या घरी इंग्लंडात वाढली आणि इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून पुढे प्रसिद्धीस आली. वादाच्या ग्रंथांत या गोष्टी लिहिलेल्या नसतात. पण तेवढी किंमत मोजून घेतलेल्या मतावर नुसत्या वादकौशल्याचा आरोप करता येत नाही, हे ध्यानात येण्यासाठी त्या सांगितल्या पाहिजेत.

आता त्यांची भूमिका पालटली. काल जो प्रश्न विचारणारा होता, तो आज उत्तर देणारा झाला. १८५४ च्या सुमारास पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांच्याबरोबर ते इंग्लंडात गेले. ज्या देशाने आपल्याकडे उपदेशक पाठविले, तो देश स्वतः कसा जगतो, हे त्यांनी तेथे पाहिले आणि त्यांच्या मनाला मोठा धक्का बसला. लंडनमध्ये दिसते तेच ख्रिस्तीपण असेल तर आपला त्याच्याशी संबंध नाही, अशा अर्थाची त्यांची व्यथा मॅक्सम्यूलर यांनी आपल्या आठवणींत नमूद करून ठेविली आहे. येथे एक फरक नजरेत भरतो. ते ज्या धर्माचे समर्थन करणार होते, त्याच्या अनुयायांचे समर्थन त्यांनी आपल्यावर ओढवून घेतले नाही.

परत आल्यावर १८६० साली त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ हिंदीत प्रसिद्ध केला. काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापन केलेले अमेरिकन पंडित फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद १८६२ साली छापला. या ग्रंथाची पद्धत ‘मतपरीक्षे’हून निराळी आहे. म्यूरसाहेबांनी पुराणांना हात घातला होता. गोऱ्ह्यांनी ती सोपी वाट टाळली आणि सांख्य, न्याय, मीमांसा, वेदान्त या दर्शनांच्या मूळ सिद्धान्तांना भिडण्याचे ठरविले. प्रत्येक दर्शनाचे मत ते प्रथम त्याच दर्शनाच्या परिभाषेत मांडतात आणि मग शंका घेतात. नैयायिकांना ते विचारतात की, परमाणू आणि जीव हे ईश्वराइतकेच अनादी असतील, तर ईश्वर खऱ्या अर्थाने स्रष्टा कसा? वेदान्त्यांना विचारतात की, जीव जर वस्तुतः ब्रह्मच आहे, तर पाप कोणी केले, पश्चात्ताप कोणी करावयाचा आणि प्रार्थना कोणापाशी? व्यवहारापुरते सत्य आणि परमार्थाने मिथ्या, असे उत्तर दिल्याने पापाची टोचणी बोथट होते, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे. वेदान्ती पंडितांपाशी याला उत्तर नव्हते, असे नाही. सत्तेचे निरनिराळे स्तर मानले की, व्यवहाराच्या स्तरावर पापपुण्य आणि उपासना पूर्णपणे खरीच राहतात, असे ते म्हणू शकतात आणि म्हणतात. परंतु आपल्या मताची अशी चिकित्सा करणारा प्रतिपक्षी हा आपलीच शास्त्रे पचविलेला मनुष्य आहे, एवढे त्यांना मान्य करावे लागले.

गोऱ्हे यांचे उत्तरायुष्य मध्य हिंदुस्थानात आणि पुण्या-मुंबईकडे गेले. १८७० साली त्यांना पाद्रीपदाची पूर्ण दीक्षा मिळाली. पुण्यात त्यांची गाठ पडली ती नव्या प्रकारच्या प्रतिपक्ष्याशी. प्रार्थना समाजाचे आणि ब्राह्म मताचे सुशिक्षित लोक ईश्वर एक मानीत, त्याला पिता म्हणत, पापाचा पश्चात्ताप करीत. मात्र कोणताही एक ग्रंथ ईश्वरोक्त मानण्यास तयार नसत. मनुष्याच्या अंतःकरणात उमटणारे ज्ञान पुरेसे आहे, असे त्यांचे म्हणणे. या मंडळींपुढे गोऱ्ह्यांनी १८७५ च्या सुमारास मुंबईत आणि पुण्यात व्याख्याने दिली. ईश्वराचे पितृत्व, पापाची ही तीव्र जाणीव, या कल्पना तुम्हांला केवळ अंतःप्रेरणेने सुचल्या असे तुम्ही समजता. त्या वस्तुतः ख्रिस्ती शास्त्राच्या परिचयातून आलेल्या आहेत. नुसत्या बुद्धीने मनुष्य एवढ्या उंचीला पोचला असता, तर प्राचीन काळच्या तितक्याच बुद्धिमान ऋषींना आणि तत्त्ववेत्त्यांना त्या का सुचल्या नाहीत? असा त्यांचा युक्तिवाद होता. भागवत धर्माच्या आणि आपल्या संतांच्या वाणीत ईश्वराला माउली म्हणून हाक मारलेली आहे आणि स्वतःच्या पतितपणाची कबुलीही आहे. त्यामुळे हा युक्तिवाद मराठी श्रोत्याला जसाच्या तसा पटणे कठीण आहे. परंतु त्यामागचे सूत्र ओळखीचे आहे. नुसता तर्क पुरत नाही, शास्त्राचा आधार हवा, हेच विसाव्या वर्षी त्यांनी म्यूरसाहेबांना सांगितले होते. शास्त्र बदलले, तर्काविषयीचे मत बदलले नाही.

याच युक्तिवादाचा एक मोठा परिणाम झाला. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथील भगिनीमठात राहात होत्या. त्यांचा कल तेव्हा ब्राह्म मताकडे होता. गोऱ्ह्यांनी हिंदुस्थानातून त्यांना पत्रे आणि लेख पाठविले. रमाबाईंनी त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या मनाचा निश्चय होण्यास फादर गोऱ्ह्यांचे लेखन कारण झाले, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. रमाबाईंसारख्या स्वतंत्र बुद्धीच्या विदुषीवर आज्ञा चालणे शक्य नव्हते. त्यांच्या गुरूंनी, म्हणजे वाँटेजच्या भगिनींनीही त्याचा अनुभव पुढे घेतला. आपल्याइतकीच शास्त्रे जाणणारा, आपल्याच परंपरेतून आलेला आणि आवाज न चढविता बोलणारा मनुष्य भेटला, म्हणून त्यांनी ऐकले.

या ठिकाणी हकीकत संपविली असती, तर ती एका यशस्वी धर्मसमर्थकाची कथा झाली असती. तसे करणे सत्याला सोडून होईल. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त जो प्रश्न त्यांनी ख्रिस्ती लोकांना विचारला होता, तो पक्ष बदलल्याने सुटला नाही. अनंत नरकाची शिक्षा आणि ईश्वराची दया यांचा मेळ कसा घालावयाचा? १८६८ साली त्यांनी याच विषयावरील आक्षेपांना उत्तर म्हणून स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आक्षेप त्यांना नवे नव्हते. तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच ते मांडले होते. म्हणजे या पुस्तिकेत गोऱ्हे गोऱ्ह्यांनाच उत्तर देत होते. त्यांच्या जवळच्या लोकांनी लिहून ठेविले आहे की, संशयाची पीडा त्यांना उतारवयापर्यंत अधूनमधून होत असे. ते प्रार्थना करीत, उपास करीत, अत्यंत साधेपणाने राहात, आणि तरीही मध्येच एखादी जुनी शंका डोके वर काढी. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला.

वादाचा आरंभ ज्यांनी केला, त्या म्यूरसाहेबांचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. १८४४ साली ते काशीच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले. ज्या पंडितांचे मत खोडावयाचे होते, त्यांच्या रोजच्या सहवासात ते आले. १८५३ साली निवृत्त होऊन मायदेशी गेल्यावर त्यांनी मूळ संस्कृत वचनांच्या संग्रहाचे पाच खंड सिद्ध केले. त्यांतील पहिला १८५८ साली निघाला. १८६२ साली एडिंबरो विद्यापीठात संस्कृतच्या अध्यासनाला त्यांनी द्रव्य दिले. आणि १८७९ साली, म्हणजे मृत्यूच्या तीन वर्षे आधी, महाभारतादी ग्रंथांतील नीतिवचनांचे पद्यानुवाद प्रसिद्ध करताना त्यांनी त्या वचनांची तुलना बायबलातील वचनांशी केली. तुलनेचा हेतू आता निराळा होता. क्षमा, अद्रोह, परोपकार यांची शिकवण दोन्हीकडे आहे, हे त्यांना दाखवावयाचे होते. ‘मतपरीक्षा’ लिहिणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने हे पुस्तक लिहिले असते, असे वाटत नाही.

श्रोतेहो, या वादाचा निकाल कोणत्या पक्षाकडे लागला, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही, आणि इतिहासाचे ते कामही नव्हे. शिवाय हा वाद समान पातळीवरचा नव्हता, हेही विसरता येत नाही. एका बाजूला राज्यकर्त्या कंपनीचा अधिकारी होता आणि दुसऱ्या बाजूला जिंकलेल्या देशाचे पंडित होते. अशा स्थितीत सौम्य शब्दालाही सत्तेचा वास येतो. सोमनाथांचा समंजसपणा आणि हरचंद्रांचा संताप, दोन्ही त्या परिस्थितीत समजण्यासारखे आहेत.

इतके मान्य करूनही या हकिकतीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. म्यूरसाहेबांच्या तीन लक्षणांनी, आपल्याला माहीत आहे तेवढ्यावरून, त्या तीन पंडितांपैकी एकाचेही मन वळविले नाही. त्यांच्या पुस्तकाने केले ते एवढेच की, एका गंभीर तरुणाला आपले प्रश्न नीट मांडण्यास भाग पाडले. त्या प्रश्नांनीच पुढे त्या तरुणाचे समर्थन सकस केले. वेदान्त्याशी बोलताना वेदान्त्याला कोठे दुखेल आणि ब्राह्म समाजियाशी बोलताना तो कोठे अडेल, हे त्याला कळत होते, कारण तो स्वतः तेथे अडला होता. अविश्वासू माणसाची शंका ज्याच्या मनात कधी उमटलीच नाही, त्याचे उत्तर कितीही शास्त्रशुद्ध असले तरी समोरच्यापर्यंत पोचत नाही. हे ख्रिस्ती श्रद्धेला लागू आहे, तसेच इतर कोणत्याही श्रद्धेला लागू आहे.

पेत्राच्या पत्रात उत्तर द्या असे सांगितल्यावर लगेच सौम्यपणाची आणि आदराची अट घातली आहे. ती केवळ शिष्टाचार म्हणून घातली असेल, असे या इतिहासाकडे पाहता वाटत नाही. आदर नसेल तर प्रतिपक्ष्याचा प्रश्न ऐकूच येत नाही. आणि न ऐकलेल्या प्रश्नाला उत्तर तरी काय द्यावयाचे? नीळकंठशास्त्र्यांनी तो प्रश्न ऐकला होता. तो त्यांचा स्वतःचाच होता, आणि पन्नास वर्षे त्यांनी तो मनातून हाकलून दिला नाही. उज्जैनला छापलेला त्यांचा संस्कृत ग्रंथ आणि त्यांची नंतरची ख्रिस्ती पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर एका प्रामाणिक माणसाचा स्वतःशीच चाललेला दीर्घ संवाद आपल्या कानी पडतो.